पिठाच्या हातांचं गाणं

आमच्या रस्त्यावरची झाडं फेब्रुवारी सरता सरता अंगावरचं पान न् पान टाकून देतात आणि मग एका सकाळी उठून बघावं तर नुसती गुलाबी. स्कूटरच्या सीटवर फुलं, कोथिंबीरवालीच्या टोपलीत फुलं, गटारातसुद्धा फुलंच. लोक मान वर करून बघत उभे राहतात, फोटो काढतात. मी खिडकी लावून घेते. आमच्या ह्यांना आता सवय झालीय. "आला वाटतं तुझा हंगाम," असं म्हणून ते पेपरात तोंड घालतात. माझा हंगाम म्हणजे जळायचा. कुणाचे गुडघे थंडीत दुखतात, कुणाला पावसाळ्यात दम लागतो, मला ह्या दिवसांत ॲग्नेस आठवते, तिचं ते एक गाणं आठवतं आणि पोटात दुखायला लागतं. तीस वर्षं होत आली. औषध सापडलेलं नाही.

यंदा तर फोनच आला. "हॅलो, वत्सला आंटी? मी रोशनी, चर्चच्या मराठी क्वायरमधून. ॲक्च्युअली आम्ही ना, आमच्या गाण्यांचं एक छोटं बुकलेट करतोय. प्रत्येक गाणं कुणी लिहिलं, का लिहिलं, अशी बॅकग्राउंड. 'थांब जरा दारात'बद्दल कुणालाच नीट माहीत नाहीये. जुन्या मेंबर म्हणून ॲग्नेस आंटींना गावी फोन केला तर त्या म्हणाल्या, वत्सलाक्काला विचार, ती चांगलं लिहील."

"किती लिहायचं?" मी विचारलं.

"दहा ओळी, आंटी. मॅक्स बारा."

सरी, म्हटलं, लिहिते. आणि चार दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. कारण त्या गाण्याची खरी हकिकत लिहायची तर आधी माझी लिहावी लागते, आणि ती काही शोभेची नाही. आमच्या राजाजीनगरच्या मराठी मंडळात अजून चार-सहा म्हाताऱ्या अशा आहेत, ज्यांना वाटतं की ते चर्चचं गाणं वत्सलाबाईंनीच लिहिलं. त्यांना तसं वाटतं, कारण मी तसं वाटू दिलं. आता बुकलेटात छापून येणार म्हणजे एकदा काय ते ठरवायलाच हवं होतं.

मी कोण होते हे आता माझ्याखेरीज कुणाला आठवत नाही, म्हणून मीच सांगते. नव्वदीच्या दशकात ह्या बेंगळुरूत मराठी लग्न ठरलं की आधी कल्याण मंटप, म्हणजे मंगल कार्यालय, बघायचे आणि लगोलग माझ्याकडे यायचे. मंगलाष्टकं हवीत! वर-वधूची नावं, दोन्हीकडच्या आजोबांची नावं, कुलदेवता, सगळं गुंफून, शार्दूलविक्रीडितात ठाकठीक बसवून द्यायचे मी. बोटांवर मोजत मोजत भाजी चिरायचे. डोहाळजेवणाची गाणी, निवृत्तीच्या समारंभाच्या कविता, गणपतीतलं स्वागतगीत, सगळं माझ्याकडे. आमचं घराणं इथं चार पिढ्यांचं. घरात अर्धं कन्नड, रस्त्यावर पूर्ण कन्नड, आणि त्यात माझं मराठी असं कडक इस्त्रीचं. पुण्याहून आलेले पाहुणेसुद्धा तोंडात बोट घालायचे. आणि मी मान खाली घालून "छे हो, स्वल्प येतं इतकंच," म्हणायचे. मनातून फुगलेली असायचे.

आणि मग आमच्या कंपनीच्या डिस्पॅच खात्यात ॲग्नेस आली.

राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवणारी कंपनी होती ती. मी तिथे दहा वर्षांची जुनी. ॲग्नेस खानापूरकडची, बेळगाव जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावातली ख्रिस्ती मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, पोरगं अडीच वर्षांचं, भाड्याचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "अक्का, तू मराठी हायस न्हवं? बरं झालं बाई. कन्नड बोलून बोलून माझं तोंड दुखालंय." मला हसू आलं, आणि तिच्या बोलण्याची स्वल्प कीवही आली. तिचं बोलणं म्हणजे न धुतलेली भाजी, मातीसकट. आम्ही रोज एकत्र जेवायला लागलो. मला ती आवडायची. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे ते कुठे दिसणार नाही.

त्या साली गुलाबी फुलं आली तशी ॲग्नेस कॉफी पिईनाशी झाली. एका बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ऑफिसला आली आणि म्हणाली, आजपासून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ, चाळीस दिवस. मटण-मासे तर बंदच, शिवाय आवडीची एक गोष्ट सोडायची. तिनं कॉफी सोडली होती. अकरा वाजता कँटीनचा अण्णा दवरा-लोट्यातून, म्हणजे वाटी-पेल्याच्या जोडीतून, कॉफी आणायचा, वर फेस, वास असा की पंपसुद्धा जागा होईल. ॲग्नेस पाण्याचा पेला पुढे घेऊन शांत बसायची. आणि मी? मी फुंकर मारमारून, मिटक्या मारत प्यायचे. "ऐय्यो, काय झालीय आज!" म्हणायचे. मुद्दाम. आमच्या एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर केळं खायचे. हिच्या उपवासात काही मिळत नव्हतं आणि तरी ती हसत होती, ते माझ्याच्यानं बघवत नव्हतं. तेव्हा गाणं अजून व्हायचं होतं. म्हणजे बघा, जळायला मला कारण लागत नव्हतं.

आमच्या भागातल्या चर्चमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मराठी मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, होई. चाळीसेक घरं. येलहंक्याच्या हवाईदलातली काही, बोम्मसंद्र्याच्या कामगारांतली काही. कुणी वसईकडचं, कुणी नगरकडचं, कुणी बेळगावकडचं. अडचण अशी की प्रत्येकाची गाणी वेगळी, चाली वेगळ्या. एकानं सुरू केलं की बाकीचे पुस्तकात तोंड घालून नुसते ओठ हलवणार. नाताळ कसाबसा निघे, पण उपवासकाळात सगळ्यांनी मिळून म्हणावं असं एकही गाणं नव्हतं. फादर वसईचे, गोड मराठी बोलणारे. ते ॲग्नेसला म्हणाले, तू सारखी काहीतरी गुणगुणत असतेस, तूच कर की एखादं. आणि ती येडी तयार झाली. छंद माहीत नाही, मात्रा माहीत नाहीत, "काय येईल ते लिहितो की," म्हणाली. हे ऐकल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी शेजारच्या टेबलावर मंगलाष्टकं रचत होते, आणि फादरना मी दिसले नाही. मी हिंदू, ते ख्रिस्ती, मला कोण कशाला विचारेल, हे डोक्याला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं.

आठवड्यानं तिनं एक कागद माझ्यापुढे ठेवला. पॅकिंगच्या पावतीचा पाठचा भाग, शिसपेन्सिलीनं लिहिलेला. "अक्का, चुकलं-माकलं बघ. लाज वाटालीय मला."

थांब जरा दारात देवा, हात माझे पिठाचे,
कसे उतरवू ओझे तुझ्या वाकल्या पाठीचे.
चूल पेटली, दूध उतू गेलं, लेकरू उठलं रडून,
तू उन्हात तसाच उभा, आणि मी गेले विसरून.

मी सवयीनं बोटांवर मोजायला लागले. जुळत नव्हतं. ह्या ओळीत दोन जास्त, त्या ओळीत तीन कमी. मोजता मोजता माझं बोट थांबलं. क्रूस पाठीवर घेतलेला देव कुणा बाईच्या दारात येऊन उभा आहे, आणि ती आतून सांगतेय, थांब, हात पिठाचे आहेत. मी इतकी मंगलाष्टकं लिहिली, एकातही कुणाच्या हाताला पीठ लागलेलं नव्हतं. माझं डोकं भडकलं. हे हिला कसं सुचलं? पिठात हात तर माझेही रोज असतात!

"बरं आहे," मी म्हटलं. "पण कच्चं आहे. मात्रा सांभाळाव्या लागतील."

मग जेवताना मी खोदून खोदून विचारलं, हे आलं कुठून. रोशनीला जी बॅकग्राउंड हवी होती ती हीच.

ॲग्नेसनं लग्न स्वतःच्या मनानं केलं होतं. आईला जावई पसंत नव्हता. सहा वर्षं माय-लेकी बोलल्या नव्हत्या, नातवाच्या बाप्तिस्म्यालाही आई आली नव्हती. मग आदल्या साली, असाच उपवासकाळ चालू असताना, सकाळी आठाच्या सुमाराला दारात हाक आली, "ॲग्नेस." आवाज तिनं ओळखला. ती तांदळाच्या भाकरीचं पीठ मळत होती. आतूनच म्हणाली, "थांब, हात पिठाचे हायत." आणि मग तिनं मुद्दाम वेळ काढला. राग होता ना सहा वर्षांचा! पीठ मळून संपवलं, परात झाकली, बोटं एकेक करून धुतली, पुसली. दहा मिनिटं गेली. दार उघडलं तर आई पायरीवर उन्हात बसलेली, रात्रभर बसमध्ये बसून पाय सुजलेले, मांडीवर तांदळाची पिशवी.

"मग?" मी विचारलं. "भांडण झालं?"

"न्हाई गं. आत आली, च्या प्याली. दोन दिवस राहिली, नातवाला मांडीवरनं उतरवलं न्हाई. सगळं गोड झालं." ॲग्नेस डब्याचं झाकण लावत होती. "परत गेली आणि महिन्यात वारली. बाकी काय न्हाई अक्का, ती धा मिनिटं तेवढी माझ्याजवळ राहिली. आईला मी धा मिनिटं पायरीवर बसवलं, तर देवाला किती बसवलं असेन, असं मनात आलं आणि लिहिलं. चाल बी तिचीच. भात कांडताना म्हणायची ती."

आता जे लिहिते ते कुठल्याही बुकलेटात छापण्यासारखं नाही. मला तिचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही असेल, पण त्याआधी हेवा वाटला. तिला दहा मिनिटं होती. माझी आई सुखानं गेली होती, सगळ्यांशी बोलून, तुळशीपत्र तोंडात घेऊन. मला पस्तावायला कणभरही जागा ठेवली नव्हती तिनं. दुःखाचासुद्धा हेवा करणारी बाई मी, माझ्यापुढे कुणी हात टेकावेत?

"दे इकडे," मी म्हटलं. "नुसतं शुद्धलेखन बघते. स्टेन्सिलही मीच कापून देते. अक्षर तुझं काही लोकांपुढे ठेवण्यासारखं नाही."

तेव्हा झेरॉक्स परवडायचं नाही, चर्चमध्ये सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकानं लिहायचं, मग त्यातून शाई जाऊन प्रती निघायच्या. लिहिलेलं स्टेन्सिल हातात धरून वाचायला जावं तर नीट दिसत नाही. छापून आल्यावरच काय ते कळतं. रविवारी दुपारी जेवणं आटोपून मी बसले. शुद्धलेखन बघायला दोन मिनिटं लागली. मग हात काही थांबेना. पीठ काढलं, भाकरीबाईचं गाणं झालं असतं ते. दूध उतू जाणं काढलं, देवापुढे असलं बोलतात का? शेवटी झालं ते असं:

क्षणभर तिष्ठ प्रभो मम द्वारी, मलिन जाहले कर हे,
आलेलुया, आलेलुया, कृपासिंधु तू ये ये.

मात्रा अशा बसल्या की काय सांगू! आलेलुया मी ठिगळ म्हणून घातला. ओळ कमी पडत होती, आणि नाताळच्या सुमाराला त्यांच्याकडे तो शब्द दहादा ऐकलेला. वाटलं, ह्यांचा आवडीचा दिसतो, खूश होतील. खाली ठसठशीत लिहिलं, "रचना: सौ. वत्सला". मग जरा मनाला लागलं, म्हणून त्याखाली बारीक अक्षरात, "मूळ कल्पना: ॲग्नेस".

ह्यांनी खांद्यावरून डोकावून वाचलं. "तिचं काय राहिलं ह्यात?" म्हणाले.

"तुम्हाला काव्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं. "जा, झोपा."

सरावाच्या शनिवारी मीही गेले. माझं गाणं माझ्या कानांनी ऐकायचं होतं. चांगली नऊवारी नेसून गेले, सासूबाईंची नथ घालायची तेवढी राहिली होती. चर्चमध्ये मूर्ती जांभळ्या कापडानं झाकलेल्या, एक फूल नाही कुठं, सगळं उघडंबोडकं. मागच्या बाकावर बसले. पुढे तीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात ओल्या शाईच्या वासाचा कागद, आणि त्यावर माझं मोत्यासारखं अक्षर. ॲग्नेसनंही कागद घेतला. ती वाचत होती तेव्हा मला तिची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं.

येलहंक्याहून हवाईदलातले एक सार्जंट यायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. पेटीवर ते असायचे. त्यांनी सूर धरला आणि दुसऱ्या ओळीवर हात उचलले. "अरे, हे कुणी घातलं? उपवासकाळात आलेलुया?"

आधी कुजबुज, मग हशा. एका आजींनी तर कपाळावर हात मारला. फादरनी समजावून सांगितलं, बहुधा माझ्यासाठीच, की तो आनंदाचा जयजयकार. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत तो शब्द तोंडातून काढतच नाहीत, चाळीस दिवस झाकून ठेवतात. म्हणजे मी सुतकात पेढे वाटले होते! माझे कान तापले. आता माझं नाव वाचतील, आता वळून बघतील.

"माझीच चूक," ॲग्नेस म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अक्कानं नुसतं अक्षर काढून दिलं. तो शब्द मीच घाल म्हटलं. चालीत जागा उरत हुती."

"ॲग्नेस, तुझा बाप्तिस्मा नक्की झालाय ना?" मास्तर म्हणाले, आणि पुन्हा हशा.

एक शब्द बोलायचा होता मला. 'मी घातला.' दोन शब्द म्हणा. माझी दातखीळ बसली. फादरनी कागदाच्या तळाशी असलेलं माझं नाव वाचलं, मागच्या बाकाकडे एकदा बघितलं आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "ॲग्नेस, तू आधी केलेलं तुला पाठ असेल ना? तेच म्हण बघू."

तिनं म्हटलं. पेटी नाही, काही नाही. भात कांडायची ती चाल, मधेच खाली पडणारी, पुन्हा उचलली जाणारी. थांब जरा दारात देवा. दुसऱ्यांदा म्हणताना आजी त्यात शिरल्या, तिसऱ्यांदा मास्तर. वसई, नगर, बेळगाव, सगळे एका चालीत. कागदाची कुणाला गरजच पडली नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. मी वर पंख्याकडे बघत बसले होते.

घरी येताना आम्ही दोघी बरोबरच चाललो. रस्ताभर फुलं सांडलेली. मी वाट बघत होते, आता विचारेल, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली आणि म्हणाली, "अक्का, अक्षर मातर काय सुंदर काढलंयस गं." आणि गेली. टोमणा होता की कौतुक, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या उपवासकाळभर चर्चमधली पोरं तिला 'आलेलुया अक्का' म्हणून चिडवायची, हे मला तिनंच हसत हसत डबा खाताना सांगितलं. मीही हसले.

पाडव्याला मंडळात श्रीखंड वाढताना कुणीतरी विषय काढला, की चर्चमध्ये म्हणे कुणी सुंदर मराठी गाणं केलंय, आमच्या शेजारची ख्रिस्ती बाई सारखी म्हणते. मी म्हटलं, "हो, माझ्याच हाताखालून गेलंय ते." खोटं नव्हतं. हाताखालून गेलंच होतं. "म्हणजे तुम्हीच लिहिलंत की!" त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली आणि "छे हो," म्हटलं, ते नेहमीचं 'छे हो', ज्याचा अर्थ सगळे 'हो' असाच घेतात. ॲग्नेसचं नवऱ्याबरोबर पुढे येलहंक्याला बिऱ्हाड गेलं, नोकरी सुटली, भेटी सुटल्या. मी सोडल्या म्हणा. काही वर्षांपूर्वी ती दोघं गावी परत गेली.

गाणं मात्र गेलं नाही. दर वर्षी ह्या दिवसांत रविवारी दुपारी वारा चर्चकडून आला की ऐकू येतं. एकदा मार्केटात मेथी निवडताना माझ्या शेजारी एक बाई तेच गुणगुणत होती. मी विचारलं, कुणाचं हो हे? "कुणाचं म्हणजे? आमचंच. जुनंच आहे," ती म्हणाली. ॲग्नेसचं नावसुद्धा पुसून गेलं, इतकं ते सगळ्यांचं झालं. आणि माझी मंगलाष्टकं? गुलाबी कागदावर छापायचे, लग्न लागेपर्यंत लोक वारा घ्यायचे त्यानं, आणि पंगत उठली की पोरांचे जिलबीचे हात पुसायचे. एक ओळ कुणाला आठवत असेल तर शपथ. एकही मात्रा चुकलेली नव्हती हो कुठं.

चार दिवस कागद कोराच राहिला, तेव्हा रोशनीकडून नंबर घेऊन मी ॲग्नेसला फोन लावला. मनात म्हटलं, आधी माफी मागून टाकावी, म्हणजे लिहायला हात मोकळा होईल. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"अक्का? अगं बाई! किती वर्षांनी! मी आपली काजू वाळत घातल्यात, राखत बसलोय."

मी इकडचं तिकडचं बोललेच नाही. "ॲग्नेस, त्या आलेलुयाचं तू तुझ्या अंगावर का घेतलंस?"

"कसलं आलेलुया?"

मी सगळं सांगितलं. स्टेन्सिल, मास्तर, हशा, माझी दातखीळ. ती मधेमधे "हुय काय?" म्हणत होती आणि शेवटी खो-खो हसली. "असलं काय झालेलं? मला आठवत न्हाई बघ."

ऐय्यो, माझा संताप! तीस वर्षं मी ते उशाशी घेऊन झोपले, आणि हिला आठवत नाही! म्हणजे माफी मागायचीसुद्धा सोय ठेवली नाही हिनं माझी. विसरावं तेही इतकं चांगलं, की मला त्याचाही हेवा वाटावा.

"एक मातर आठवतंय," ती म्हणाली. "तू मागच्या बाकावर रडत हुतीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सगळीच रडली त्या दिवशी. पण ती देवासाठी रडली गं, उपवासकाळ हुता, रडू येतंयच. तू काय देवासाठी आली न्हवतीस. तू गाणं पारखायला आलेलीस, आणि तूच पदर तोंडात कोंबून रडत हुतीस. तवा मी म्हटलं, जमलं. मराठी तुझ्याएवढं कुणाला कळत हुतं तिथं?"

"ॲग्नेस," मी म्हटलं. "मी जळून रडत होते गं. हे माझं का नाही, म्हणून."

"मग तेच की," ती म्हणाली. "आणि काय पायजे हुतं मला?"

फोन ठेवला आणि एका दमात लिहून काढलं. दहा ओळी लागल्याच नाहीत. ते दहा मिनिटांचं लिहिलं, तांदळाच्या पिठाचं लिहिलं. मग लिहिलं की शब्द ॲग्नेसचे, चाल तिच्या आईची. आणि शेवटी: 'ह्यातला एकही शब्द माझा नाही, आणि ह्याचं मला अजून वाईट वाटतं. वत्सला.'

संध्याकाळी रोशनीचा फोन आला. "आंटी, खूप सुंदर लिहिलंय. फक्त ती लास्ट लाइन... ती काढू का? थोडी पर्सनल वाटते."

"ती काढलीस तर बाकीचंही छापू नकोस," मी म्हटलं.